परदेशातून मागवलेलं पार्सल आणि दारात येणारं बिल: पहिल्यांदा ऑर्डर देणाऱ्यांसाठी

दोन वर्षांपूर्वी एका दुपारी पुण्यातल्या आमच्या कर्वेनगरच्या सोसायटीच्या वॉचमनने इंटरकॉमवर सांगितलं, "मॅडम, कुरिअरवाला आलाय, पैसे द्यायचेत म्हणतो." मी इंग्लंडमधल्या एका दुकानातून दुर्बिणीचा आयपीस मागवला होता. साधारण दहा हजारांची वस्तू. पैसे कार्डावरून कधीच गेले होते, पाठवण्याचा खर्चही त्यातच होता. खाली गेले तर पोरगा म्हणाला, "काकू, ड्युटी आहे. पाच हजार एकशेचाळीस." वस्तूच्या निम्मी रक्कम. त्याच्या हातात मशीन, माझ्या हातात पर्स, आणि मागे लिफ्टची वाट बघणारी चार माणसं. मी पैसे दिले.

संध्याकाळी कागद नीट वाचला. ५,१४० रुपयांपैकी सरकारचा कर ३,७८३ रुपये होता. उरलेले १,३५७ रुपये कुरिअर कंपनीचे, आणि त्यातले ५९० रुपये तर मुळात माझ्याकडून घ्यायलाच नको होते. ते पुढे परत मिळाले. कसे, ते सांगतेच. पण त्या संध्याकाळी एक गोष्ट डोक्यात पक्की बसली. "कस्टमचे पैसे" म्हणून दारात जी रक्कम मागतात ती एक नसते, दोन असतात. एक सरकारची, दुसरी कुरिअरची. दोन्हींचे नियम वेगळे, दोन्हींवर हरकत घेण्याची जागा वेगळी. हे दोन आकडे वेगळे करता आले की बाकीचं सगळं सोपं होतं.

ऑर्डर देण्याआधी: वस्तू घरात येईपर्यंत किती पडेल ते काढा

वेबसाइटवर दिसते ती किंमत दुकानातली. आपल्याला हवी ती वस्तू घरात येईपर्यंत पडणारी किंमत. ती कागदावर काढायला दहा मिनिटं लागतात.

आधी एक गैरसमज दूर करू. "अमुक रुपयांपर्यंत ड्युटी लागत नाही" असं अजूनही पुष्कळजण सांगतात. परदेशातून विकत घेतलेल्या वस्तूला भारतात अशी सरसकट सूट नाही. सीमाशुल्क कायद्याच्या कलम २५(६) मध्ये एवढंच आहे की लागणारी ड्युटी १०० रुपये किंवा त्याहून कमी भरत असेल तर ती वसूल करायची नाही. हे १०० रुपये ड्युटीचे आहेत, वस्तूच्या किमतीचे नव्हेत. म्हणजे दोन-अडीचशेची एखादी वस्तू सुटेल, हजाराची बहुधा सुटणार नाही. अमेरिकेतले नातेवाईक "आम्हाला तर काहीच लागत नाही" म्हणायचे, कारण तिथे ८०० डॉलरपर्यंत सूट होती. तीही २९ ऑगस्ट २०२५ पासून थांबवली आहे. त्यांचा अनुभव आपल्याला लागू नव्हताच, आता त्यांनाही राहिलेला नाही.

आता हिशोब. ड्युटी नुसत्या वस्तूच्या किमतीवर लागत नाही. वस्तूची किंमत, वाहतूक आणि विमा यांची बेरीज करतात आणि त्या बेरजेवर ड्युटी लावतात. पण इथे आपल्या बाजूचा एक नियम आहे, आणि तो फार थोड्यांना माहीत असतो. माल विमानाने आला असेल तर वाहतूक खर्च म्हणून वस्तूच्या किमतीच्या २० टक्क्यांहून जास्त रक्कम धरता येत नाही, मग तुम्ही प्रत्यक्षात कितीही मोजलेले असोत. विम्याचा खरा आकडा कागदावर नसेल तर १.१२५ टक्के धरतात. हे २००७ च्या सीमाशुल्क मूल्यांकन नियमांत, नियम १० मध्ये आहे.

मी १०,००० रुपयांची वस्तू धरून हिशोब मांडते. दर समजण्यापुरते घेतले आहेत. तुमच्या वस्तूचे दर वेगळे असतील.

वस्तू १०,०००. पाठवण्याचा खर्च २,५०० भरला, पण धरायचे २,०००. विमा ११२.५०. झाले १२,११२.५०. यावर मूळ सीमाशुल्क १० टक्के, म्हणजे १,२११.२५. त्या सीमाशुल्कावर १० टक्के समाजकल्याण अधिभार, १२१.१३. हा अधिभार २०१८ च्या अर्थसंकल्पात आला आणि तो वस्तूवर नसतो, सीमाशुल्काच्या रकमेवर असतो. आता या सगळ्यांची बेरीज १३,४४४.८८, आणि तिच्यावर १८ टक्के आयजीएसटी (आयातीवर लागतो तो जीएसटी), म्हणजे २,४२०.०८. सरकारचे एकूण ३,७५२ रुपये.

लोक इथेच चुकतात. १० आणि १८ मिळून २८ टक्के, म्हणजे २,८०० रुपये, असं मनात धरतात. पण जीएसटी हा वाहतूक, विमा, सीमाशुल्क, अधिभार या सगळ्यांवर चढतो. म्हणून वस्तूच्या किमतीच्या मानाने एकूण कर साडेसदतीस टक्क्यांवर जातो.

यात कुरिअरची फी मिळवा. ती समजा ६५० रुपये, तिच्यावर १८ टक्के जीएसटी ११७, म्हणजे ७६७. शिवाय कार्डावरचा परकीय चलनाचा आकार. वेबसाइट "रुपयांत पैसे भरा" असा पर्याय देत असेल तर बहुतेक वेळा तो घेऊ नये, कारण तिथला विनिमय दर दुकानाच्या बाजूने ठरवलेला असतो. ड्युटी मोजताना मात्र तुमच्या बँकेचा दर धरत नाहीत. केंद्रीय अप्रत्यक्ष कर आणि सीमाशुल्क मंडळ दर पंधरवड्याला जाहीर करतं तो दर धरतात. म्हणून बिलावरचा रुपयांतला आकडा कार्डाच्या मेसेजशी तंतोतंत जुळला नाही तर घाबरू नका.

दर कुठे बघायचे? प्रत्येक वस्तूला एचएस कोड, म्हणजे वर्गवारीचा आंतरराष्ट्रीय क्रमांक असतो. तो विक्रेत्याला विचारा, चांगली दुकानं लगेच सांगतात. मग सीमाशुल्क विभागाच्या आइसगेट या संकेतस्थळावर ड्युटी कॅल्क्युलेटर आहे, त्यात तो कोड टाका. सरकारी पानच बघा, कारण दर सतत बदलत आहेत. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचा २८ टक्क्यांचा टप्पा गेला. वैयक्तिक वापरासाठी मागवलेल्या वस्तूंचं ९८०४ हे वेगळं शीर्षक आहे, त्याचा सीमाशुल्काचा दर २०२६-२७ च्या अर्थसंकल्पात २० वरून १० टक्के करण्याचा प्रस्ताव मांडला गेला. तीन वर्षांपूर्वीच्या कुणाच्या तरी व्हिडिओतली टक्केवारी आज चालणार नाही. पुस्तकं मागवणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं, की छापील पुस्तकांवर जीएसटी नाही. २०१९ च्या अर्थसंकल्पापासून आयात पुस्तकांवर ५ टक्के सीमाशुल्क मात्र आहे. पुस्तकांच्या पार्सलवर १८ टक्के जीएसटी लावलेला दिसला तर तिथेच प्रश्न विचारा.

अजून एक बचत विक्रेत्याच्या देशात लपलेली असते. ब्रिटनमध्ये दुकानातल्या किमतीत २० टक्के व्हॅट धरलेला असतो. माल देशाबाहेर जात असेल तर तो लागत नाही. १२० पौंडांची वस्तू आपल्याला १०० पौंडांना मिळायला हवी. पत्ता पुण्याचा टाकल्यावर किंमत आपोआप कमी झाली तर ठीक, नाही झाली तर पैसे भरण्याआधी दुकानाला मेल लिहा. मी पहिल्या खेपेला हे केलं नाही. इंग्लंडचाही कर भरला आणि भारताचाही.

एवढी बेरीज झाली की ती घेऊन एकदा इथल्या बाजारात फिरा. इलेक्ट्रॉनिक्सची वस्तू असेल तर बुधवार पेठेत, तपकीर गल्लीत विचारा. पुस्तक असेल तर अप्पा बळवंत चौकात. तिथल्या दुकानदाराने तीच वस्तू घाऊक आणलेली असते, आणि वीस टक्के महाग वाटणारी त्याची किंमत तुमच्या बेरजेपेक्षा पुष्कळदा कमी निघते. वॉरंटी इथली मिळते ते वेगळंच.

पैसे भरताना दोन शब्द शोधा

परदेशी दुकानाच्या शेवटच्या पानावर, पैसे भरण्याच्या बटणाच्या जवळपास, डीडीपी किंवा डीएपी असं लिहिलेलं असतं. डीडीपी म्हणजे ड्युटी विक्रेता भरणार, ती किमतीत आलेली आहे. डीएपी म्हणजे दारापर्यंत आणून देऊ, ड्युटी तुमची. काही दुकानं हे शब्द न वापरता "आयात शुल्कासह" एवढंच लिहितात. काही लिहीतच नाहीत. काहीच लिहिलं नसेल तर ड्युटी तुमच्याकडे, असं समजून चाला.

डीडीपी मिळत असेल तर मी थोडी जास्त किंमत देऊनही तेच घेते, कारण मग कुरिअरची वेगळी फी दारात येत नाही. काही मोठ्या साइट ड्युटीची अंदाजे रक्कम आधीच अनामत म्हणून घेतात आणि खरी ड्युटी कमी निघाली तर फरक परत करतात. त्या पानाचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. ड्युटी भरलेली असतानाही कुरिअरने दारात पैसे मागितल्याची उदाहरणं माझ्या ओळखीत आहेत. अशा वेळी तो स्क्रीनशॉट हाच पुरावा.

ऑर्डर तुकड्यांत द्यायची की एकत्र? सूटच नसल्यामुळे तुकडे करून ड्युटी वाचत नाही. उलट कुरिअरची किमान फी प्रत्येक पार्सलला लागते. तीन पार्सलं, तीन फिया. म्हणून एकत्र मागवा. पण चार मित्रांनी मिळून एकाच्या नावावर एकाच प्रकारच्या सहा वस्तू मागवू नका. वैयक्तिक वापराच्या आयातीला आयईसी, म्हणजे आयातदार-निर्यातदार क्रमांक लागत नाही. सहा सारख्या वस्तू बघून अधिकाऱ्याला तो व्यापार वाटला तर तो क्रमांक मागतील, आणि पार्सल अडकेल.

"गिफ्ट" लिहून घ्यायचं नाही

न्यू जर्सीतला भाऊ म्हणतो, "मी पाठवतो ना, गिफ्ट म्हणून लिहितो." प्रेमाने म्हणतो, पण हा रस्ता २०१९ मध्येच बंद झाला. पूर्वी ठरावीक किमतीपर्यंतच्या भेटवस्तूंना सूट होती. १२ डिसेंबर २०१९ च्या अधिसूचनेने पोस्टाने किंवा कुरिअरने भेट म्हणून सूट घेऊन वस्तू आणायला मनाई केली. अपवाद दोनच: जीवरक्षक औषधं आणि राखी. राखी म्हणजे फक्त राखी, सोबतचं घड्याळ किंवा चॉकलेटचा डबा नव्हे. पूर्ण ड्युटी भरून भेट येऊ शकते. त्यामुळे भावाने खुशाल पाठवावं, पण खरी किंमत लिहून आणि ड्युटी लागणार हे धरून.

किंमत कमी लिहायला विक्रेत्याला सांगू नका. काही दुकानं आपणहून विचारतात, "किती लिहू?" खरी लिहायला सांगा. लिहिलेल्या किमतीबद्दल शंका आली तर ती नाकारून स्वतः किंमत ठरवायचा अधिकार अधिकाऱ्याला आहे. चुकीची माहिती दिलेला माल जप्त होऊ शकतो आणि दंड वेगळा बसतो. शिवाय पार्सल हरवलं तर विम्याचे पैसे त्या लिहिलेल्या किमतीवरच मिळतात. बिघडलेल्या वस्तूच्या बदल्यात विक्रेत्याने फुकट पाठवलेली नवी वस्तूही ड्युटीतून सुटत नाही. तुम्ही पैसे दिले नाहीत म्हणून तिची किंमत शून्य होत नाही.

जे येऊच शकत नाही ते मागवू नका

ही यादी मोठी आहे, मी पुण्यात जास्त मागवलं जाणारं तेवढंच सांगते. ड्रोन: ९ फेब्रुवारी २०२२ पासून तयार ड्रोनच्या आयातीला बंदी आहे. संशोधन, संरक्षण आणि सुरक्षा यांना परवानगी मिळू शकते, घरी उडवायला नाही. ई-सिगारेट: २०१९ च्या कायद्याने बंद. बागेसाठी बी-बियाणं आणि रोपं: प्लांट क्वारंटाइनचा परवाना आणि पाठवणाऱ्या देशाचं रोगमुक्ततेचं प्रमाणपत्र लागतं. दोनशे रुपयांच्या फुलझाडाच्या बियांचं पाकीट त्यापायी जातं. वॉकीटॉकीसारख्या वायरलेस यंत्रांना दूरसंचार खात्याची मान्यता लागते. लॅपटॉप मात्र एक आणता येतो. २०२३ मध्ये लॅपटॉपच्या आयातीवर निर्बंध आले तेव्हा पोस्टाने किंवा कुरिअरने येणाऱ्या एका लॅपटॉपला किंवा टॅबला ड्युटी भरून सूट ठेवली गेली.

पार्सल निघालं की केवायसीची वाट बघू नका, स्वतः भरा

माझे ५९० रुपये इथे गेले होते, म्हणून इथे जरा थांबते.

कुरिअरने येणारं पार्सल विमानतळावरच्या कुरिअर टर्मिनलवर उतरतं. पुण्याची पार्सलं बहुतेक मुंबई किंवा दिल्लीला उतरतात आणि तिथून रस्त्याने किंवा देशांतर्गत विमानाने पुढे येतात. पुण्याचा लोहगाव विमानतळ जवळ आहे म्हणून तिथे जाऊन विचारण्यात अर्थ नाही. टर्मिनलवर कुरिअर कंपनी तुमच्या वतीने बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयात मालाचा कस्टमकडे द्यायचा अर्ज भरते. ते भरायला तिला तुमची ओळख लागते. आधार, पासपोर्ट, मतदार ओळखपत्र, यांतलं काहीतरी. हीच केवायसी. ती मिळेपर्यंत पार्सल हलत नाही, आणि ठरावीक दिवसांनंतर गोदामाचं भाडं चालू होतं. बिलावर त्याला स्टोरेज किंवा डेमरेज म्हणतात.

माझ्या वेळी केवायसीचा मेल मला आलाच नाही. विक्रेत्याने पत्त्याच्या चिठ्ठीवर माझ्या मेलऐवजी स्वतःचा मेल टाकला होता. कुरिअरने तिकडे तीन मेल पाठवले, उत्तर नाही म्हणून पार्सल सहा दिवस पडून राहिलं, आणि भाडं माझ्या बिलात आलं.

त्यामुळे आता मी असं करते. ऑर्डर देताना पत्त्यात मोबाइल नंबर +९१ लावून लिहिते. नाव आधारवर आहे तसंच लिहिते, माहेरचं-सासरचं मिसळून नाही, कारण नाव जुळलं नाही की केवायसी परत येते. ट्रॅकिंग नंबर (कुरिअरवाले त्याला एअर वेबिल नंबर म्हणतात) हाती आला की त्याच दिवशी कुरिअरच्या अधिकृत साइटवर जाऊन केवायसी भरून टाकते. आधारची प्रत चढवताना तिच्यावर "फक्त अमुक एअर वेबिलच्या कस्टम क्लिअरन्ससाठी" असं लिहून तारीख घालते. सोबत दुकानाचं बिल आणि पैसे भरल्याचा कार्डाचा पुरावा तयार ठेवते, कारण किमतीबद्दल शंका आली तर हेच दोन कागद मागतात. आणि रोज एकदा स्पॅमचा फोल्डर उघडते.

पैशाची मागणी आली की आधी कागद मागा

मागणी मेसेजने येते, मेलने येते किंवा थेट दारात येते. कशीही आली तरी दोन कागद मागा: बिल ऑफ एंट्रीची प्रत आणि कुरिअरचं स्वतःचं टॅक्स इन्व्हॉइस. पहिल्यात सरकारचा कर, दुसऱ्यात कुरिअरची फी. शक्य असेल तर पार्सल दारात येण्याआधी, "क्लिअरन्स चालू आहे" असं ट्रॅकिंगवर दिसताच मागा. दारात पोरगा उभा असताना शांतपणे वाचणं होत नाही, आणि त्याच्या हातात बदलण्यासारखंही काही नसतं. त्याच्यावर चिडू नका, तो फक्त आणून देतो.

बिल ऑफ एंट्रीमध्ये चार ठिकाणी नजर टाका. वस्तूचं वर्णन आणि कोड बरोबर आहे का. किंमत तुमच्या बिलाशी जुळते का. वाहतूक २० टक्क्यांच्या आत आहे का. आणि तुम्ही सुटा भाग मागवला असेल तर तो पूर्ण यंत्राच्या कोडखाली तर टाकलेला नाही ना. कुरिअरकडे रोज हजारो पार्सलं येतात. विक्रेत्याने चिठ्ठीवर नुसतं "ऑप्टिकल" लिहिलं असेल तर भरणारा माणूस जवळचा वाटेल तो कोड टाकतो. म्हणून विक्रेत्याला वस्तूचं पूर्ण वर्णन आणि कोड चिठ्ठीवर लिहायला आधीच सांगावं.

आता कुरिअरची फी. तिच्यात साधारण तीन-चार नावं दिसतात. तुमच्या वतीने ड्युटी सरकारला आधी भरली म्हणून घेतलेला आकार: हा बहुधा ड्युटीच्या काही टक्के किंवा एक किमान रक्कम, यांपैकी जास्त असेल तो. छोट्या पार्सलला ही किमान रक्कमच डोईजड होते. मग क्लिअरन्सचा आकार, वेगळा अर्ज भरावा लागला तर त्याचा, आणि स्टोरेज. कुरिअरमधून येणाऱ्या, ड्युटी लागणाऱ्या मालाची किंमत एक लाख रुपयांपर्यंत असेल तर सोपा अर्ज असतो. त्याहून महाग मालाला सविस्तर, आणि त्याची फी जास्त. या सगळ्यांवर १८ टक्के जीएसटी.

हे पैसे द्यावेच लागतात का? कंपनीने आपल्या साइटवर जाहीर केलेले आकार असतील आणि तिने ते काम खरोखर केलं असेल, तर हो. तिने स्वतःचे पैसे सरकारला भरलेले असतात. पण प्रत्येक ओळीला कारण विचारायचा हक्क तुमचा आहे. दर कुरिअरच्या साइटवर भारताच्या पानावर असतात. ऑर्डर देण्याआधीच ते वाचा, कारण वाहतूक कोणती निवडायची हे तेव्हाच हातात असतं. एकदा पार्सल निघालं की कुरिअर बदलता येत नाही. स्वतःचा सीएचए, म्हणजे कस्टमचं काम करणारा एजंट, नेमून सोडवून घेता येतं, पण दहा हजारांच्या वस्तूसाठी त्याचा खर्चच जास्त होतो.

माझ्या ५९० रुपयांचं असं झालं. मी कुरिअरच्या तक्रार विभागाला मेल लिहिला. त्यात एअर वेबिल नंबर, इन्व्हॉइसमधली ती एकच ओळ, आणि एकच प्रश्न: केवायसीची मागणी कोणत्या मेलवर, कोणत्या तारखेला पाठवली ते दाखवा. पहिलं उत्तर छापील आलं. मी तोच प्रश्न पुन्हा विचारला. दुसऱ्या उत्तरात त्यांनी विक्रेत्याचा मेल दाखवला. मी लिहिलं की चिठ्ठीवर माझा मोबाइल नंबर होता आणि त्यावर एकही फोन आलेला नाही. आठवड्याने ५०० रुपये स्टोरेज आणि त्यावरचे ९० रुपये जीएसटी परत आले. उरलेले ७६७ मी वाजवी मानले आणि सोडून दिले. सगळ्या बिलावर "हे अन्यायकारक आहे" असं लिहिलं असतं तर काहीच मिळालं नसतं.

पैसे मागणारा खरा आहे का

पुण्यात आता पार्सलच्या नावाने येणारे खोटे मेसेज आणि फोन इतके झाले आहेत की हा भाग घरातल्या ज्येष्ठांना वाचून दाखवा. मेसेज येतो, "पत्ता अपूर्ण असल्याने पार्सल अडकले आहे, २५ रुपये भरा." लिंक उघडून कार्डाचा नंबर टाकला की खातं रिकामं. दुसरा प्रकार जास्त वाईट. फोनवर सांगतात की तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले आहेत, मग पोलिसाच्या गणवेशातला माणूस व्हिडिओ कॉलवर येतो आणि "डिजिटल अटक" केल्याचं सांगून पैसे उकळतो. कायद्यात डिजिटल अटक नावाची गोष्टच नाही. फोन ठेवून द्या.

कस्टमचे अधिकारी फोनवर किंवा मेसेजवर पैसे मागत नाहीत, वैयक्तिक खात्यात तर नाहीच नाही. सीमाशुल्क विभागाच्या पत्रावर डीआयएन हा ओळख क्रमांक असतो आणि तो मंडळाच्या संकेतस्थळावर पडताळता येतो. कुरिअरची मागणी खरी वाटत असेल तरी मेसेजमधली लिंक दाबू नका. कंपनीच्या साइटचा पत्ता स्वतः टाइप करा, आपला एअर वेबिल नंबर घाला, तिथे तीच रक्कम दिसली तर तिथेच भरा. दारात यूपीआयने देत असाल तर समोर कंपनीचं नाव येतंय का बघा. कुणा माणसाचं नाव आलं तर पैसे देऊ नका. फसवणूक झालीच तर त्याच क्षणी १९३० वर फोन करा. पहिल्या तासा-दोन तासांत कळवलं तर पैसे पुढे जाण्याआधी गोठवता येण्याची शक्यता बरीच असते.

पोस्टाने आलेलं पार्सल

घाई नसेल आणि वस्तू लहान असेल तर विक्रेत्याला पोस्टाने पाठवायला सांगा. ट्रॅकिंग नंबरची सुरुवात दोन अक्षरांनी, मध्ये नऊ आकडे आणि शेवटी देशाची दोन अक्षरं असतील तर ते पोस्टाचं पार्सल. आपल्याकडचं पोस्टाचं पार्सल बहुधा मुंबईला बॅलार्ड इस्टेटच्या विदेश डाक भवनात तपासलं जातं. ड्युटी बसली तर पोस्टमन ती घेऊन पार्सल देतो. ड्युटीचे दर तेच. फरक असा, की पोस्टाचा हाताळणीचा आकार खासगी कुरिअरच्या फीपेक्षा खूपच कमी असतो. वेळ मात्र जातो, आणि मधले काही दिवस ट्रॅकिंग हलतच नाही.

ड्युटीच चुकली असेल तर, आणि वस्तू नकोच असेल तर

कोड किंवा किंमत चुकल्यामुळे ड्युटी जास्त लागली असेल तर कुरिअर परतावा देऊ शकत नाही, कारण पैसे सरकारकडे गेलेले असतात. आधी कुरिअरला सांगून बिल ऑफ एंट्री दुरुस्त होते का बघा. पार्सल सुटण्याआधी हे सोपं असतं. सुटल्यावर ज्या ठिकाणी ड्युटी आकारली तिथल्या सीमाशुल्क कार्यालयाकडे जावं लागतं. पुण्याचं सीमाशुल्क कार्यालय ससून रोडला वाडिया कॉलेजसमोर आहे, पण मुंबईला सुटलेल्या पार्सलचा निर्णय मुंबईलाच होतो, हे जाण्याआधी लक्षात घ्या. आकारणीविरुद्ध आयुक्तांकडे अपिलाची मुदत ६० दिवस, परताव्याच्या अर्जाची साधारणपणे एक वर्ष. पाच-सहाशे रुपयांच्या फरकासाठी मी या वाटेला जाणार नाही, आठ-दहा हजारांच्या फरकासाठी जरूर जाईन.

कुरिअरच्या फीची तक्रार वेगळी. ती ग्राहक म्हणून करायची. कंपनीने दोन मेलनंतरही ऐकलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथेही नाही जमलं तर जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क नाही आणि वकील लावायची सक्ती नाही.

बिल बघून वस्तू नकोशी झाली तर दारात नुसतं "परत न्या" म्हणून विषय संपत नाही. तोपर्यंत कुरिअरने ड्युटी भरलेली असते, आणि ती तुमच्याकडून मागायला कंपनी मागे लागते. नकार द्यायचा असेल तर क्लिअरन्स होण्याआधी, लेखी द्या. मालावरचा हक्क सोडत असल्याचं क्लिअरन्सच्या आदेशाआधी कळवलं तर सीमाशुल्क कायद्याच्या कलम २३ प्रमाणे ड्युटीची जबाबदारी राहत नाही. विक्रेता पैसे परत देईल का, आणि परतीच्या वाहतुकीचं काय, ते आधी त्याच्याकडून मेलवर लिहून घ्या.

वस्तू बिघडलेली किंवा भलतीच निघाली तर भरलेली ड्युटी परत मागण्याची सोय कलम २६अ मध्ये आहे. त्यासाठी सुटका झाल्यापासून ३० दिवसांत ती वस्तू परत परदेशी पाठवावी लागते, आणि ती तीच आहे हे पटवावं लागतं. म्हणून खोका उघडतानाच व्हिडिओ काढा, वस्तूवरचा सीरियल नंबर त्यात स्पष्ट येऊ द्या, खोका आणि त्यावरची चिठ्ठी फेकू नका. परत पाठवताना पोस्टात किंवा कुरिअरच्या काउंटरवर "वैयक्तिक सामान" असं मोघम न लिहिता मूळ बिल ऑफ एंट्रीचा नंबर आणि "सदोष वस्तू परत" असं कागदावर लिहून घ्या, आणि त्या पावतीची एक प्रत मूळ बिलाला टाचून ठेवा.